रेपो दराची बातमी हप्त्यापाशीच का थांबते?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचा निर्णय जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी बहुतेक मराठी दैनिकांत, आणि आपल्याही दैनिकात, गृहकर्जाच्या हप्त्याची चौकट छापून येते. पन्नास लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर साडेआठऐवजी सव्वाआठ टक्के व्याज लागले, तर महिन्याचा हप्ता साधारण ७९० रुपयांनी उतरतो. हे गणित बरोबर असते आणि कर्जदाराच्या उपयोगाचेही असते. माझी तक्रार आहे ती त्या चौकटीतून होणाऱ्या समजाबद्दल, की समितीने दर ठरवला आणि तो जसाच्या तसा प्रत्येकाच्या खात्यापर्यंत पोचला. खडकवासला धरणातून कालव्याचे आवर्तन सुटले म्हणजे इंदापूरकडच्या टोकाच्या शेतात पाणी आले, असे या जिल्ह्यातला कोणीही शेतकरी धरून चालत नाही. वाटेत गळती किती, उपसा किती आणि दरवाजे कोणाच्या हाती, हे तो आधी विचारतो. व्याजदराच्या वाटेवर बँका असतात. त्या किती आहेत, केवढ्या आहेत, कोणाच्या मालकीच्या आहेत आणि त्यांच्यात चढाओढ कितपत आहे, यावर पतधोरणाचा परिणाम पुष्कळसा ठरतो. अर्थशास्त्रात यावर गेली तीन-चार दशके भरपूर संशोधन झाले आहे, पण मराठी वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर त्याची चर्चा क्वचितच होते. म्हणून हे पत्र नेहमीपेक्षा लांबवतो आहे.

आधी ठेवीदाराकडे पाहू. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. अवघ्या नऊ महिन्यांत अडीच टक्क्यांची ही वाढ होती आणि कर्जदारांना तिची झळ लगेच बसली. याच काळात देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेचा, म्हणजे स्टेट बँकेचा, बचत खात्यावरचा दर सर्वसामान्य शिलकीसाठी २.७० टक्के होता. तो २०२०च्या मध्याला ठरला होता आणि रेपोच्या संपूर्ण चढणीत पाव टक्कादेखील वाढला नाही. पुढे फेब्रुवारी २०२५ पासून रेपो उतरू लागला, आणि जून २०२५ मध्ये समितीने एकदम अर्धा टक्का कपात केल्यावर हाच बचत दर काही दिवसांतच २.५० टक्क्यांवर आला. चढताना जो दर हलला नाही, तो उतरताना हलला. यात कोणताही नियमभंग नाही. बचत खात्यांचे व्याजदर ऑक्टोबर २०११ पासून बँकांच्याच मर्जीवर सोडलेले आहेत. पण हिशोब डोळ्यांसमोर ठेवावा. रेपो ६.५० टक्के असताना बचत खात्यात एक लाख रुपये ठेवणाऱ्याला वर्षाला २,७०० रुपये मिळत होते. बँकेने तेच पैसे, राखीव निधीचा भाग वगळून, रिझर्व्ह बँकेकडे रोज रात्री नुसते ठेवले असते, तरी तिला त्यांवर ६.२५ टक्के मिळत होते. बँकांच्या एकूण ठेवींपैकी एक तृतीयांशाहून अधिक रक्कम चालू आणि बचत खात्यांत असते, हे लक्षात घेतले की ही किरकोळ बाब उरत नाही. नव्या मुदत ठेवींचे दर त्या काळात वाढले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र जुन्या पावत्यांना त्याचा लाभ नूतनीकरणाच्या तारखेलाच मिळाला.

ठेवींच्या दरांचा हा एकतर्फीपणा भारतातच आढळतो असे नाही. टिमथी हॅनन आणि ॲलन बर्गर यांनी १९९१ मध्ये अमेरिकी बँकांच्या ठेवदरांचा अभ्यास करून दाखवले, की ज्या बाजारपेठेत थोड्या बँकांचे वर्चस्व आहे तिथे ठेवींचे दर अधिक ताठर असतात आणि हा ताठरपणा दर वाढवण्याच्या वेळी जास्त दिसतो. पुढच्याच वर्षी डेव्हिड न्यूमार्क आणि स्टीव्हन शार्प यांनी जवळपास याच निष्कर्षाला पुष्टी दिली: चढाओढ कमी असलेल्या गावातल्या बँका ठेवीचा दर वाढवायला सावकाश असतात आणि कमी करायला चपळ. २०१७ मध्ये इतामार ड्रेक्सलर, अलेक्सी साव्होव्ह आणि फिलिप श्नाब्ल यांनी या धाग्याला पतधोरणाशी बांधले. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: मध्यवर्ती बँक दर वाढवते तेव्हा चढाओढ कमी असलेल्या ठिकाणच्या बँका ठेवदर फारसे वाढवत नाहीत, त्यामुळे ठेवीवरचे व्याज आणि बाजारातले व्याज यांतले अंतर वाढते, जाणते ठेवीदार पैसे काढून दुसरीकडे नेतात, बँकेकडचा स्वस्त आणि खात्रीचा पैसा आटतो, आणि मग तिचे कर्जवाटपही आखडते. म्हणजे ठेवीदाराच्या खिडकीवर जे घडते त्यातूनच पतधोरण कर्जदारापर्यंत पोचते, आणि ते किती जोरात पोचेल हे त्या त्या ठिकाणच्या बँकांच्या रचनेवर अवलंबून असते. अमेरिकेचे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बँकव्यवसाय सरकारी बँकांकडे आहे आणि शेजारी पोस्टाची खिडकी उघडी आहे. परंतु २०२४ मध्ये कर्जे वेगाने वाढत असताना ठेवी मागे पडत आहेत आणि घरगुती बचत म्युच्युअल फंडांसारख्या पर्यायांकडे वळते आहे, अशी चिंता खुद्द रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी जाहीरपणे व्यक्त केली होती, ती या मांडणीच्या प्रकाशात वाचून पाहावी.

बाजार किती जणांच्या हाती एकवटला आहे हे मोजण्यासाठी संशोधक एक सोपा निर्देशांक वापरतात: प्रत्येक बँकेचा टक्केवारीतला हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सर्वांची बेरीज करायची. दहा सारख्या बँका असतील तर उत्तर १,००० येते, चारच असतील तर २,५००. २०१७ ते २०२० या काळात स्टेट बँकेच्या सहयोगी बँका तिच्यात गेल्या, देना आणि विजया बँक ऑफ बडोदात गेल्या, नंतर दहा बँकांच्या चार झाल्या, आणि सरकारी बँकांची संख्या २७ वरून १२ वर आली. (आपल्या पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र या फेऱ्यातून स्वतंत्र राहिली.) देशाच्या पातळीवर १२ सरकारी बँका आणि त्यांच्या बरोबरीने खासगी बँका म्हणजे पुरेशी चढाओढ दिसते. पण ठेवीदार देशाच्या पातळीवर राहत नाही. लक्ष्मी रस्त्यावर किंवा कर्वे रस्त्यावर पायी चालत पाच-सहा बँकांचे दरफलक वाचता येतात. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एखाद्या डोंगरी बाजारगावात जर तीनच शाखा असतील आणि विलीनीकरणानंतर त्यांतल्या दोन एकाच बँकेच्या झाल्या, तर त्या गावापुरता निर्देशांक कुठल्या कुठे वर जातो. मोबाइलवरून कुठल्याही बँकेत ठेव ठेवता येते, असे यावर म्हटले जाते. तरुणांच्या बाबतीत ते खरे असेल. सत्तरीच्या पुढचे ठेवीदार मात्र पावती हातात घेतल्याशिवाय पैसे ठेवत नाहीत, आणि मोठ्या रकमेच्या मुदत ठेवी पुष्कळदा त्यांच्याच असतात.

कर्जाच्या बाजूचा इतिहास निराळा आहे. तिथे रिझर्व्ह बँकेने तीस वर्षे बँकांचा पाठलाग केला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मूळ आधारदर जुलै २०१० मध्ये आला, निधीच्या सीमांत खर्चावर आधारित दर, म्हणजे एमसीएलआर, एप्रिल २०१६ मध्ये आला, आणि दोन्ही वेळा रेपो उतरूनही कर्जे त्या प्रमाणात स्वस्त झाली नाहीत. डॉ. जनक राज यांच्या अध्यक्षतेखालच्या अंतर्गत अभ्यासगटाने २०१७ मध्ये स्पष्ट नोंदवले की हे दर काढताना बँकांनी मनमानी केली. मी बँकेच्या कर्ज विभागात काम केलेले असल्याने हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. मूळ दरावर बँक जी वाढ लावते त्या ‘स्प्रेड’ नावाच्या रकान्यात काय काय बसवता येते हे त्या विभागातल्या प्रत्येकाला माहीत असते. अखेर १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी द्यायची नवी बदलत्या दराची गृहकर्जे, वाहनकर्जे आणि लघुउद्योगांची कर्जे रेपोसारख्या बाह्य निकषाला जोडणे सक्तीचे झाले. त्याचा उपयोग झाला, पण सर्वत्र सारखा झाला नाही. २०२४च्या अखेरीस बदलत्या दराच्या कर्जांपैकी सुमारे ६० टक्के कर्जे बाह्य निकषाला जोडलेली होती. खासगी बँकांत हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास होते, सरकारी बँकांत ४५ टक्क्यांच्या आसपास. रेपो एकच, दिवसही तोच. तरी कर्ज कोणत्या मालकीच्या बँकेत आहे यावर कर्जदाराला बदल कधी जाणवेल हे ठरते.

या सुधारणेची एक उलटी बाजूही आहे आणि बँकांच्या वतीने ती सांगायला हवी. कर्जाचा दर आता रेपोबरोबर लगेच हलतो, पण ठेवीचा दर मुदतीपर्यंत बांधलेला असतो. त्यामुळे रेपो चढताना बँकेच्या कर्जदरातले आणि ठेवदरातले अंतर आपोआप रुंदावते आणि उतरताना आपोआप आवळते. ठेवदर पटकन उतरवण्याचा मोह त्यातूनच येतो, आणि मग अशा वेळी सर्वांत आधी कात्री लागते ती आपल्या हक्काच्या आणि मुकाट बसणाऱ्या ठेवीदाराला. पंचवीस लाखांच्या ठेवीवर जगणाऱ्या निवृत्त जोडप्याला पाव टक्का कमी झाला म्हणजे वर्षाला ६,२५० रुपये कमी मिळतात. हप्त्याच्या चौकटीशेजारी ही चौकट मी आजवर पाहिलेली नाही.

आता आपल्या भागाला सर्वांत जवळच्या प्रश्नाकडे येतो. अनिल कश्यप आणि जेरेमी स्टाइन यांनी २००० साली अमेरिकेतल्या बँकांच्या दहा लाख नोंदी तपासून असे दाखवले, की पतधोरण कडक झाले म्हणजे कर्जवाटप आखडते घ्यावे लागते ते मुख्यतः लहान आणि हाताशी रोखे कमी असलेल्या बँकांना; मोठ्या बँका रोखे विकून किंवा बाजारातून पैसे उभे करून वेळ निभावतात. आपल्याकडे देशभरात सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँका आहेत आणि त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. त्यांच्याकडे रोखे असतात, पण ते वैधानिक बंधनापोटी ठेवावेच लागतात, म्हणजे अडीअडचणीला मोडण्यासाठी ते खऱ्या अर्थाने मोकळे नसतात. या बँकांपैकी बहुतेक लहान बँका रेपोने उसने घ्यायला रिझर्व्ह बँकेच्या दारात जातच नाहीत, आणि बाह्य निकषाची २०१९ची सक्तीही त्यांना लागू नाही. भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपचे कॅश क्रेडिट खाते (मालाच्या तारणावर लागेल तसे उचलायचे कर्ज) नागरी बँकेत असेल, तर त्याच्या मंजुरीपत्रावर व्याजदरापुढे साधारणपणे एवढेच लिहिलेले असते: ‘संचालक मंडळ वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे.’ स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला वेळेवर द्यावे लागते. दर मात्र मंडळाच्या सवडीने बदलतो. दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्या पतसंस्था तर याही वर्तुळाच्या बाहेर, राज्याच्या सहकार कायद्याखाली आहेत. मंडईतल्या गाळेधारकाकडून रोज संध्याकाळी पिग्मी एजंट जे पैसे नेतो आणि त्याच संस्थेतून त्याला जे कर्ज मिळते, त्या व्यवहारात रेपोचा पाव टक्का कुठे दिसतो, हा संशोधनाचा उत्तम विषय आहे. रिझर्व्ह बँक कर्जाचे आणि मुदत ठेवींचे जे सरासरी भारित दर दर महिन्याला प्रसिद्ध करते, ते अनुसूचित व्यापारी बँकांचे असतात. म्हणजे ज्या संस्थांशी पुणे-पिंपरीतल्या लहान व्यावसायिकाचा रोजचा संबंध येतो, त्या पतधोरणाच्या मोजमापातूनच सुटतात.

चढाओढीबरोबर विश्वासाचाही विचार करावा लागतो, आणि माझ्या मते आपल्याकडच्या अभ्यासात हा दुवा कच्चा राहिला आहे. लहान सहकारी बँक अर्धा-एक टक्का जास्त देते, तरी ठेवीदार मोठ्या बँकेच्या कमी दरावर समाधानी राहतो, कारण त्याला मुद्दल बुडण्याची भीती असते. पुण्यात या भीतीला कारणही आहे. रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला; मधली नऊ वर्षे ठेवीदारांनी कशी काढली हे या शहराने पाहिले. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेतला गैरव्यवहार उघड होऊन तिच्यावर निर्बंध आले, त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली, आणि २०२१च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. एक लाखाची मर्यादा १९९३ पासून तशीच पडून होती, हेही नोंदवावे. पतसंस्थांतल्या ठेवींना आजही हे कवच नाही. एखादी लहान बँक बुडाली की तिच्यासारख्या चांगल्या चाललेल्या लहान बँकांतूनही ठेवी निघतात आणि मोठ्या बँकांकडे जातात. मोठ्या बँकांना ठेवदर न वाढवता पैसा मिळतो. २०२२ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्यांना मिळाले त्या बर्नान्के, डायमंड आणि डिब्विग यांनी बँकांवरची धाव, म्हणजे ठेवीदारांनी एकदमच पैसे काढायला येणे, आणि तिचे अर्थव्यवस्थेवरचे परिणाम यांवर मूलभूत काम केले आहे. ठेवविमा हा केवळ ठेवीदाराच्या दिलाशाचा विषय समजला जातो. तो लहान बँकांना चढाओढीत टिकवतो आणि त्या मार्गाने पतधोरणालाही हातभार लावतो, या अंगाने त्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

पोस्टाच्या योजनांबद्दल थोडक्यातच. त्यांचे दर अर्थमंत्रालय तिमाहीला जाहीर करते, आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के ठरला तो रेपो ४ टक्के असतानाही तोच होता आणि ६.५० टक्के झाल्यावरही तोच. बँका याकडे बोट दाखवून ठेवदर उतरवता येत नाहीत म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण चढणीच्या काळात बचत खात्याचा दर का वाढला नाही, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

हे सगळे पुण्यातून लिहिण्याला कारण आहे. पतपुरवठ्याच्या रचनेचा प्रश्न देशात पहिल्यांदा आकडेवारीनिशी मांडणाऱ्यांत या शहराचा वाटा मोठा होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीवर होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा हिस्सा जेमतेम तीन टक्के आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के, हे १९५१-५२ चे वास्तव त्या पाहणीने समोर आणले, आणि तिच्या शिफारशींतून पुढे १९५५ मध्ये स्टेट बँक उभी राहिली. १९६९ मध्ये गाडगीळांच्याच अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय दृष्टिकोन सुचवला आणि त्यातून प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे देणारी अग्रणी बँक योजना आली. त्या पाहणीचे मोल असे, की तिने कर्ज देणाऱ्यांबरोबर कर्ज घेणाऱ्या कुटुंबांनाही विचारले. आज राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था कोंढव्यात आहे, रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय विद्यापीठ रस्त्यावर आहे, वैकुंठ मेहता सहकार संस्था इथेच आहे आणि राज्याचे सहकार आयुक्तालयही. एवढी सामग्री एका शहरात असताना सहकारी बँकांच्या व्याजदरांची साधी मासिक मालिका आपल्याला मिळू नये, याचे मला नवल वाटते.

खर्चिक काही मागत नाही. जिल्ह्याची अग्रणी बँक दर तिमाहीला सर्व बँकांची बैठक घेते. तिथे पीककर्जाची उद्दिष्टे आणि ठेव-कर्ज गुणोत्तर यांवर चर्चा होते. त्याच बैठकीत प्रत्येक व्यापारी आणि नागरी बँकेकडून बचत, एक वर्षाची ठेव, ज्येष्ठ नागरिकांची ठेव, गृहकर्ज, कॅश क्रेडिट आणि सोनेतारण असे सहा दर आणि ते शेवटचे कधी बदलले त्या तारखा घ्याव्यात, पतसंस्थांचे दर सहकार खात्याने द्यावेत, आणि तो तक्ता तालुकावार प्रसिद्ध व्हावा. तारखा महत्त्वाच्या आहेत, कारण चढताना किती दिवस लागले आणि उतरताना किती, हे त्यांतूनच कळेल. दोन-तीन वर्षांची मालिका जमली की अर्थशास्त्राचे विद्यार्थी तालुक्यातल्या चढाओढीशी तिचा संबंध लावून पाहू शकतील; तोवर माझ्यासारख्यांचे म्हणणे अनुभवावर आधारलेला तर्क म्हणूनच धरावे.

आणि आपल्याला विनंती अशी, की पुढच्या वेळी पतधोरणाची बातमी छापाल तेव्हा हप्त्याच्या चौकटीशेजारी पुण्यातल्या दहा-बारा बँकांचे बचत आणि एक वर्षाच्या ठेवीचे दर, त्यांच्या बदलाच्या तारखांसह, द्यावेत. त्यांत निदान चार नागरी सहकारी बँका असाव्यात. शाखेतल्या दरफलकावर हे दर लिहिलेले असतात आणि बँकांच्या संकेतस्थळांवरही सापडतात. आपल्या प्रतिनिधीला त्यासाठी अर्धा दिवस पुरेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी,
सदाशिव पेठ, पुणे